रंग न्हवं, रगत

चैत वद्य ४
ह्यांच्या धोतराला परत लाल डाग. सासूबाईंना दावलं. "रंगाऱ्याची सून तू, आन रंग ओळखंना व्हय?" घरात सगळ्यांचे हात लाल, थुकी लाल, शेंबूड लाल, खरं हाय. पर रंग वाळल्यावर काळपट कवा पडतो?

वद्य ९
हकीम आला. तोंड पानानं बरबटलेलं. "गरमी हाय. बाहेरच्या बाईकडं गेल्याबगर हुत न्हाय," म्हणला आन माझ्याकडं बघून हसला मेला. हे भिंतीकडं तोंड करून बसले. सासूबाईंनी बकरीचं मूत पाजलं. सगळं ओकले. पोरगी कडंवर घिऊन म्याच पुसलं.

वैशाख शुद्ध २
आता मुतात रगताच्या गाठी. कलिजाच्या तुकड्यावानी. अडकल्या की हे उकिडवं बसून कण्हतात. वास असा, की पोरीला पाजताना नाकाला पदर. शी. म्या भांडलेच, "सोलापूरला चला, न्हायतर मी पोरीला घिऊन म्हायेरी."

शुद्ध ५
मोटरनं निघालो. मूत शिसीत घेतलेलं, डाक्टरला दावाया. संस्थानाची शीव सपली, इंग्रजी हद्दीच्या नाक्यावर शिपायानं शिसी धरली. "चोरून रंग नेतीस? जकात कुठाय?"
"मूत हाय, दादा."
पटंना. बूच काढून हुंगला, आन तिथंच ओकला. लई दिसांनी हे हसले.

शुद्ध ७
सोलापूरच्या दवाखान्यात मुताच्या वाटंनं दिव्याची नळी घातली, आत बघाया. ह्यांचं वराडणं व्हरांड्यापतूर. डाक्टर म्हणला, लघवीच्या पिशवीत कोंबड्याच्या तुऱ्यावानी मांस वाढलंय. कर्करोग. नळीतनंच विजंनं जाळलं. परत उगवल म्हणला, म्हयन्यानं दावा, वाढलं तर पिशवी कापायची. धंदा इचारला. ह्यांची नखं बघितली. "पुडीतल्या विलायती रंगाचं काम सोडा, त्यानंच हे हुतंय."
जळक्या मांसाचा वास माझ्या लुगड्याला. का मलाच येतोय.

पुनव
मूत साफ. सासूबाई, "बघ, बकरीचं लागू पडलं!" काय बोलावं ह्या बाईला.
हे म्हणतात, परत नळी? मेलो तरी न्हाय.

जेठ शुद्ध ६
लगीनसराई. हे परत रंगाच्या हंड्यापाशी बसले. कोपरापतूर लाल. पोरगी रांगत गेली, ह्यांनी उचलून मुका घेतला. गालावर पाची बोटं. म्या हिसकून आणली, घासली, पार रडूस्तवर.
"मला शिवायचं न्हाय का आता?"
पोरीला आत निजवलं.
उद्याच्या सोलापूरच्या मोटरचं बोचकं बांधलंय. ह्यांचं धोतरबी टाकलंय त्यात. ह्यांनी बघितलं. काढलं न्हाय, पर हो बी म्हणले न्हाईत. रंगातली लुगडी पिळत बसल्यात.