बाबांची बोटं

मंगळवार, संध्याकाळ

रविवारी बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये मीच नवीन रॅम टाकली. तेव्हापासून तो सारखा मधेमधे बंद पडून राहिला. विहारातल्या भाषणाचं त्यांचं टायपिंग दोनदा उडालं. अन् मी काय म्हटलं? "बाबा, किती जोरात बटणं दाबता!" रेल्वे ऑफिसात जन्मभर टाइपरायटर बडवलेली बोटं ती. काल पाहिलं, एकाच बोटानं, भीत भीत दाबत होते.

आज ती रॅम गुपचूप काढली. दुपारभर चालला, एकदाही बंद नाही. जुन्या रॅमशी जुळते का, हे मी पाहिलंच नव्हतं. काहून नाही पाहिलं? सांगणारच होतो, तर तेच खुश होऊन म्हणाले, "पाह्य, हळू दाबलं तर चालते न!"

मी म्हटलं, "हव, बाबा."