पुढची डावी सीट

२ मार्च, रविवार. सकाळी ११.
निदान झालं. गाडीच्या इंजिनचा कॉम्प्युटर गेलाय. तीन आठवडे गाडी वाटेल तिथे बंद पडते आहे. आज सिग्नलला पडली. मागे हॉर्न वाजवणाऱ्यांत एक ॲम्ब्युलन्स होती. घरी येऊन चार व्हिडिओ पाहिले. त्यांतल्या तिनांची भाषा कळली नाही, पण लक्षणं तंतोतंत जुळली.

हिचं म्हणणं, डॅशबोर्डवरचा पंखा लावला की गाडी बंद पडते. हसू आलं. पंखा गेल्याच महिन्यात मी स्वतः बसवला आहे, वायरिंगसकट. त्यात दोष असण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय पंखा छान फिरतो.

वेळ कमी आहे. २४ तारखेला कन्या पहिल्या नोकरीवर हजर होणार, दुसऱ्या शहरात. २३ ला तिला सोडायला मी जाणार, याच गाडीतून. दवाखान्यातून ती घरी आली तीही याच गाडीतून. दोघी आता तेवीस वर्षांच्या. गेल्या चार वर्षांत कन्येशी सलग दहा मिनिटं बोलणं झालेलं नाही. सहा तासांचा रस्ता आहे. बोलायचे मुद्दे कागदावर काढून ठेवलेत. एकूण अकरा.

मेहुण्याचा फोन. म्हणाला, भावोजी, माझी नवी गाडी आहे की, मी सोडतो तिला. नम्रपणे नकार दिला. ही म्हणते, नम्रपणे नव्हता.

३ मार्च.
गॅरेजवाल्याकडे गेलो. कॉम्प्युटर बदलून द्या म्हटलं. तो म्हणाला, गाडी ठेवून जा, आधी वायरी बघतो. वायरी! मी त्याला कॉम्प्युटरबद्दल थोडं समजावून सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि बरं साहेब म्हणाला. त्या 'बरं'चा सूर आवडला नाही. काम स्वतः करणार. दोन दिवस पुरेत.

५ मार्च. संध्याकाळी.
कॉम्प्युटर पुढच्या डाव्या बाजूला, पायाखालच्या कार्पेटमागे असतो. तिथे डोकं गेलं. परत येईना. सीट काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. चार बोल्ट. तीन मी काढले. चौथा हिने काढला, पण तो मी आधी सैल केलेला होता. पार्किंगमध्ये ओल असते म्हणून सीट हॉलमध्ये आणून ठेवली, टीव्हीसमोर. हिने विचारलं, किती दिवस. उद्या संध्याकाळपर्यंत, म्हटलं.

८ मार्च.
सीट हॉलमध्येच.
भंगार बाजारात आपल्याच मॉडेलच्या गाडीचा कॉम्प्युटर मिळाला. भंगारवाला शपथेवर म्हणाला की माल एक नंबर आहे. मीही काही कमी नाही. कानाशी धरून हलवून पाहिला. आत काही वाजलं नाही. घेतला.

९ मार्च, रविवार.
बसवला. किल्ली फिरवली. गाडी चालूच होईना. आधी निदान चालू होऊन बंद पडायची. म्हणजे दोष अस्थिर होता, आता स्थिर झाला. निदानाच्या दृष्टीने ही प्रगतीच. डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा एक लाल दिवा लुकलुकतो आहे. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिला.

संध्याकाळी हॉलमध्ये स्टुलावर बसून वायरींची टोकं घासत होतो. कन्या आली, सरळ त्या सीटवर बसली, खटका ओढून मागे रेलली, पाय टीपॉयवर. आणि बोलत सुटली. मैत्रिणीचं लग्न मोडलं, तिला स्वतःला उंचीची भीती वाटते, एकदा कॉलेजला म्हणून गेली आणि दिवसभर बागेत बसून आली. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. साडेनऊ वाजले. एकच टोक घासून झालं. हातचं काम राहिलं.

११ मार्च.
गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या एका माणसाला घरी आणलं. त्याने लाल दिवा पाहूनच मान हलवली. म्हणे कॉम्प्युटर फक्त आपल्याच किल्लीला ओळखतो, परक्या किल्लीने गाडी चालू करू देत नाही. मग मी भंगारवाल्याकडे जाऊन त्या कॉम्प्युटरची किल्ली मागितली. तो हसत हसत एका टायरवर बसला आणि शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावून म्हणाला, साहेब काय मागतायत ते ऐका. मी परत आलो.

१३ मार्च.
आपला जुना कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी कुरिअरने बाहेरगावी पाठवला. सोबत लक्षणांचं तीन पानी पत्र. पंख्याचा उल्लेख केला नाही, उगाच दिशाभूल नको.

१५ मार्च.
कन्या परत सीटवर. म्हणाली की नव्या जागेची भीती वाटते, गेल्या आठवड्यात नोकरीला नाही म्हणून कळवायची मेल लिहून ठेवली होती, पाठवली नाही. मग मला विचारलं, बाबा, तुमचा पहिला दिवस कसा होता. सांगितलं. चुकून शेजारच्या ऑफिसात शिरलो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांचं काम करत बसलो. काम चांगलं केलं होतं, ते सोडायला तयार नव्हते. ती इतकी हसली की सीटचा खटका निसटून पार आडवी झाली. हीसुद्धा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन हसली.

अकरा मुद्द्यांतला एकही निघाला नाही. ते गाडीत बोलायचे आहेत. असा रोज वेळ गेला तर गाडी व्हायची कशी?

१६ मार्च. सकाळी.
निश्चय. संध्याकाळी हॉलमध्ये बसायचं नाही. पार्किंगमध्ये बसून वायरिंगचा अभ्यास.

१६ मार्च. रात्री ९.
हॉलमध्ये बसलो. पार्किंगमध्ये डास आहेत.

१९ मार्च.
कॉम्प्युटरचा पत्ता नाही. मेहुण्याचा फोन. काम अंतिम टप्प्यात आहे असं सांगितलं. कोणतं काम, ते सांगितलं नाही.

२२ मार्च, शनिवार.
दुपारी कॉम्प्युटर आला. माझ्या तीन पानांना उत्तर म्हणून एक चिठ्ठी. दोष नाही, अर्थिंग तपासा, एवढंच. माणसाला पत्र वाचायची सवय नसली की असं होतं.

बसवला. पहिल्या झटक्यात चालू! उद्या सकाळी सहाला निघणार असं सगळ्यांना ओरडून सांगितलं. ट्रायलसाठी एकटाच सिग्नलपर्यंत गेलो. उकडत होतं. पंखा लावला. गाडी बंद.
योगायोग.
दोघा रिक्षावाल्यांनी ढकलत आणून सोडली. घरी पोचेपर्यंत हिने भावाला फोन केलेला होता.

२३ मार्च.
गेली. मामाच्या नव्या गाडीतून, साडेसहाला. मागे गादी, बॅगा, कुकर आणि ही. मला जागाच उरली नाही. निघताना कन्येने घट्ट मिठी मारली. मी म्हटलं, जेवण वेळेवर. हा मुद्दा क्रमांक एक. बाकीचे दहा आठवेनात आणि कागद वर राहिला होता.

२४ मार्च.
ही आली. म्हणाली, पोरगी सहाही तास झोपली, भाऊ कंटाळून गेला. बरं वाटलं. मग वाईट वाटलं. माझ्या गाडीतही झोपलीच असती.

गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने डॅशबोर्डखाली हात घातला, दहा मिनिटांत बाहेर काढला. कॉम्प्युटरची अर्थिंगची वायर ज्या बोल्टला आहे त्याच बोल्टखाली कुणीतरी पंख्याची वायर कोंबली होती आणि बोल्ट सैलच सोडला होता. पंखा फिरला की कॉम्प्युटर झोपायचा. त्याने विचारलं, हे कोणी केलं. मी म्हटलं, एका मेकॅनिकने. हिने माझ्याकडे पाहिलं. त्याने पंख्याला वेगळी वायर दिली, बोल्ट आवळला. गाडी सुरू. पंखाही सुरू.

२७ मार्च.
गाडी उत्तम. ही विचारते सीट कधी बसवणार. कार्पेट वाळायला हवं, असं सांगितलं. कार्पेट कोरडं आहे. बाजाराला जाताना ही मागे बसते. शेजाऱ्यांना वाटतं आमचं भांडण झालंय.

संध्याकाळी सवयीने स्टुलावर बसलो. हातात घासायला काही नव्हतं. घर फार मोठं झालंय. साडेसातला कन्येचा फोन आला. स्पीकर लावून मोबाइल सीटवर ठेवला, टेकवून. ऑफिस बरं आहे म्हणाली, पहिल्या दिवशी बरोबर ऑफिसात शिरली. मग पाऊण तास बोलली. तिने विचारलं, बाबा, सीट बसवली का. म्हटलं, रविवारी नक्की.
कोणत्या रविवारी, ते तिने विचारलं नाही.