कोर्स अर्धवट सोडू नये

४ फेब्रुवारी १९७९, रविवार
मेट्रन लीलाबाईंनी ड्युटीरूममध्ये जाहीर केलं. नागपूरला नर्सिंगचे दोन स्पेशल कोर्स. एक ऑपरेशन थेटरचा, एक सायकियाट्रिकचा. वर्धेच्या आमच्या दवाखान्यातून एकच नाव जाणार. जो जाईल तो परत आल्यावर इन्चार्ज. नाव द्यायची मुदत २८ तारखेची संध्याकाळ. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (चहाची किटली माझ्यामागे होती. तरी पाहिलं हे खरं.)
जयवंता सिस्टर लगेच म्हणाली, जो भेटन तो चालते मले. असं बोलू नये. माणसाची किंमत कमी होते. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

५ फेब्रुवारी
सासरे किसनराव खोकल्याच्या इंजेक्शनांसाठी वडनेरहून येऊन आमच्याकडे राहिले होते. दोन सुया झाल्या आणि सकाळच्या एस.टी.ने पसार. माझ्या बायकोला, यशोदेला, सांगून गेले म्हणे, खोकला गेला, आता काऊन टोचून घेऊ? मी निरोप धाडला: कोर्स म्हणजे कोर्स! अर्धवट सोडला की रोग उलटतो. वॉर्डात रोज हेच सांगतो. अर्ध्या जिल्ह्याला कोर्स हा शब्द माझ्यामुळेच माहीत झाला असावा.

९ फेब्रुवारी
ठरलं. थेटर! हिरवा गाऊन मला शोभेल. उद्या एक ऑपरेशन बघून घेतो.

१० फेब्रुवारी, दुपारी
हर्नियाचं ऑपरेशन. नाश्ता नीट झाला नव्हता. शिवाय उकाडा. थेटरची रचना जमिनीवरून फार बारकाईने पाहता आली. सर्जन म्हणाले, आधी ब्रदरला उचला. (ब्रदर म्हणजे पुरुष नर्स, म्हणजे मी.) वॉर्डबॉय नत्थूजी सांगत फिरतो आहे की पेशंट हलका होता, श्रावण ब्रदरच भारी पडले.

संध्याकाळी
थेटर रद्द. तिथे पेशंट बेशुद्ध असतो. माझा गुण बोलण्यात आहे.

१४ फेब्रुवारी
सायकियाट्रिक! वॉर्डातला एक म्हातारा झोप येत नाही म्हणून कुरकुरत होता. त्याला मी माझं बालपण सांगायला घेतलं. शाळेत पोचायच्या आत घोरायला लागला. गोळी नाही, काही नाही. जयवंता म्हणाली, ब्रदर, बाजूच्या खाटीवरचे बी झोपले. तिलासुद्धा कबूल करावं लागलं.
आता फक्त मेट्रनबाईंना सांगायचं. पण आपण होऊन गेलं की हपापल्यासारखं दिसतं. त्याच बोलावतील.

२२ फेब्रुवारी
बोलावलं नाही. यशोदा म्हणाली, तुमी सांगसान तवाच तं त्याइले कळन. तिला नोकरीतले बारकावे कळत नाहीत.

२५ फेब्रुवारी, रविवार, वडनेर
किसनरावांना पकडून न्यायला एकटाच आलो. पंगतीत सहज म्हणालो, मी मेंटलच्या कोर्सला नागपूरला जातोय. (सायकियाट्रिक कुणाला कळणार? म्हणून सोपं केलं.) पंगत चिडीचूप. सासूबाई देवकाबाईंच्या हातातलं वरणाचं भांडं हातातच राहिलं. डोळ्यांत पाणी. किसनरावांनी हळूच विचारलं, किती दिवसाचा हाये? म्हणालो, वर्षभराचा, तिथेच राहायचं. बापा, लयच हाये मंग, असं म्हणून ते पानावरून उठले. खरा अभिमान असा मुका असतो.

२६ फेब्रुवारी, वडनेर
एका दिवसात केवढा मान! मी बोलेन त्याला सगळे हो म्हणतात. कपाशी काढून गुलाब लावा म्हणालो, तरी हो. सासूबाईंनी माझ्यावरून लिंबू उतरवलं. दृष्ट लागणारच. विहिरीवर गेलो तर मेहुणा बंडू माझा हात घट्ट धरून उभा. घर इतकं आवरलेलं की विळी, कोयता, काही नजरेला पडत नाही. रजा वाढवतो.

२८ फेब्रुवारी, वडनेर
किसनराव सकाळीच वर्धेला गेले. तातडीचं काम म्हणे. जाताना बंडूला बजावलं, जावईबापूले एकटं सोडजो नोको. आग्रह असावा तर असा.
दिवेलागणीला आठवलं, आज २८. मेट्रनबाई माझ्यासाठी थांबतील.

१ मार्च, वर्धा
थांबल्या नाहीत.
काल किसनराव त्यांच्यापुढे हात जोडून उभे होते म्हणे. बाई, जावयाले पागलखान्यात नोका पाठवू. काय कोर्स द्याचा तो इथंच द्या. सुया टोचा, गोळ्या द्या, आमी धरून ठेवतो. मेट्रनबाईंनी परोपरीने समजावलं, हा कोर्स शिकायचा असतो. किसनराव म्हणाले, कोर्स म्हणजे काय ते मले ठाऊक हाये, जावयानंच सांगतलं. संध्याकाळपर्यंत मेट्रनबाईंनी माझी वाट पाहिली, मग जयवंतेचं नाव धाडलं. मेंटललाच.
म्हणजे तो मान, ते लिंबू, ती लपवलेली विळी! नत्थूजीला कळलंय, म्हणजे आता दवाखान्यालाही कळलंय. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. हा कोर्स मला खरंच हवा होता. जेवलो नाही. (नंतर जेवलो.)

४ मार्च, रविवार
किसनराव नारळ घेऊन हजर. खोकत. वडनेरच्या मारुतीला नवस बोलले होते, जावयाचा कोर्स टळू दे, मी माझा पुरा करतो. यशोदा हसून हसून रडली. मी सिरिंज उकळायला ठेवली. पहिल्यापासून सुया सुरू केल्या.

१८ मार्च, रविवार
आज शेवटचं इंजेक्शन. मीच दिलं. किसनराव कंबर चोळत म्हणाले, झाला बा एकडाव पुरा. खोकला गेला.
जयवंता जुलैत नागपूरला जाईल. आमच्या घरातून यंदा कोर्स पूर्ण करणारे किसनराव एकटेच.