मैदानावरची माय

माय, तू न्हाणीत घसरून पडलीस ते आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात. हाड मोडलं नाही, पण मनात भीती बसली. तीस वर्षं गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात उभ्यानं काम केलेली तू, निवृत्तीनंतर दोनच वर्षांत बाजेवरून उठेनाशी झालीस. नळावर जाणं बंद, शेजारी बसायला जाणं बंद. ऑफिसला निघण्याआधी मी पाणी, औषध, जेवण सगळं तुझ्या हाताशी ठेवायचे आणि मनात म्हणायचे, मुलगी असावी तर अशी.

मग एका संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या ड्रिलच्या बाई घरी आल्या. मुलींच्या शाळेत जन्मभर शिट्टी वाजवून त्याही निवृत्त झालेल्या. त्याच शाळेत रोज सकाळी साठीच्या पुढच्या बायकांना व्यायाम शिकवायचं त्यांनी ठरवलं होतं. मी त्यांच्या तोंडावरच म्हटलं, "या वयात मैदानात हातपाय हलवायचे? लोक हसतील ना!" त्या काही बोलायच्या आत तूच बोललीस. "शंभर मानसांत उभी राहून काम केलं म्या. तवा लाज नाही वाटली. आता काहून वाटंल वं?"

पहिल्या दिवशी मी तुला धरून नेलं. लुगडी खोचलेल्या अकरा बायका व्हरांड्यात बाकांवर बसल्या आहेत. हात न टेकता उठायचं आणि पुन्हा बसायचं, दहा वेळा, एवढंच काम. तू तिसऱ्यांदा उठताना अडकतेस, शेजारची चौथ्यांदा. तुम्ही एकमेकींकडे बघता आणि दोघींनाही हसू आवरत नाही. तुला असं हसताना मी किती महिन्यांनी पाहिलं! डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम घरी एकटीनं तू दोन दिवससुद्धा केला नव्हतास. इथे मात्र रोज जायला लागलीस, कारण एखादी आली नाही की बाकीच्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. पावसाळा सरता सरता तू नळावर जाऊ लागलीस. रात्रीची झोप परत आली. एकदा ताटावर बसून म्हणालीस, "लय भूक लागून राहिली वं मले," आणि मी तिसरी भाकरी टाकली.

त्या हिवाळ्यात एक दिवस बाईंना ताप आला. तू शाल विसरून गेली होतीस, ती द्यायला मी मागोमाग आले, तर बायका परत निघालेल्या. "चला वं, आज बाई नाही येत," कुणी तरी म्हणालं. तू म्हणालीस, "घरी जाऊन काय करता?" आणि पुढे जाऊन उभी राहिलीस. "एक! दोन! गुडघा उचल वं, झोपून राहिली काय!" यंत्रांच्या खडखडाटावर मात करायला कमावलेला तुझा तो आवाज सगळ्या मैदानावर घुमला. निघालेल्या बायका मागे फिरल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. फाटकाशी एका दूधवाल्यानं सायकल थांबवली. आता हा हसेल असं मला वाटलं, पण त्यानं विचारलं, "ह्या मास्तरीण हायेत काय?" मी म्हटलं, "माझी माय आहे." एवढ्या ताठ मानेनं मी कधीच काही बोलले नव्हते. शाल न देताच मी घरी परतले.

पुढे बाई मुलाकडे पुण्याला गेल्या आणि तो वर्ग तुझा झाला. सात वर्षं तू तो चालवलास. वाड्या-वस्त्यांतून नव्या बायका यायच्या, सुनांचा हात धरून यायच्या आणि महिन्याभरात एकट्या यायला लागायच्या. शेवटच्या आजारपणाचे चार दिवस सोडले तर तुला कुणी हात दिल्याचं मला आठवत नाही. माझ्या मुलांना, ऑफिसातल्या बायकांना, ज्याला त्याला मी हे सांगत आले.

तुला मात्र सांगितलं नाही. बाईंना ताप आला त्या दिवशी घरी येऊन तू विचारलंस, "पाह्यलं काय वं मले?" मी म्हटलं, "नाही, कामात होते." खोटं बोलले. तुझा अभिमान वाटला होता हे खरं, पण तुला आता माझी गरज उरली नाही, हे त्याच क्षणी कळलं होतं, आणि तेवढं मला सोसलं नाही, माय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं.