बीरगांवच्या छतावरचा करडा

प्रिय मंजिरी,

परवा फोनवर तू कापड मागितलंस आणि मी सवयीने 'हव, हव' म्हणून मोकळी झाले. नव्या राजधानीतल्या त्या सरकारी इमारतीच्या भिंतीसाठी तुला मोठं काम करायचं आहे, नमुना याच महिन्यात निवड समितीपुढे ठेवायचा आहे, आणि त्यासाठी तुला माझ्या छतावरचा करडा कोसा, ते ठिपक्यांचं रेशीम, हवा आहे. तुझा आवाज कानावर आला की मला नाही म्हणता येत नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, एवढा तरी माझा फायदा.

आधी सांगून टाकते, मी तुझ्यावर जळते. तुझ्या समता कॉलोनीतल्या घरावर नाही, गाडीवर नाही, तुझ्या सासूबाई तुला चहा करून देतात त्यावरसुद्धा नाही (थोडी त्यावर). मी जळते तुझ्या डोळ्यांवर. प्रशिक्षण केंद्रात आपल्या दोघींना रंगाचा एकच हंडा मिळाला होता. हात माझे जास्त चालायचे. तू काठी घेऊन नुसती बघत उभी राहायचीस, मला वाटायचं आळशी आहे पोट्टी. तू काय करत होतीस ते मला फार उशिरा कळलं.

तो कोसा आठव. हिरड्यात भिजवून छतावर वाळत घातला, त्या दिवशी आमच्या पोरीला, दीक्षाला ताप चढला आणि मी कापड विसरूनच गेले. सकाळी वर गेले तर दहिवराने ओलं झालेलं, आणि पिवळ्या अंगावर सगळीकडे करडे, काळे ठिपके. हिरड्याला लोखंड लागलं की काळं पडतं, हे आपल्याला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण बीरगांवात लोखंड हवेतच असतं, कारखान्यांची धूळ बनून छतावर बसतं, हे कोणी शिकवलं नव्हतं. मी तिथेच बसून रडले. आमचे मारोती ड्यूटीवरून आले, म्हणाले, "काहून रडून राहिली? धुऊन टाक, पोतेरं होईल." मी ते खरंच पोतेऱ्यासाठी बाजूला ठेवलं होतं. दोन दिवसांनी तू आलीस, हातात घेतलंस, बोटं फिरवलीस आणि म्हणालीस, "सरला, ही तर ऐनाची साल आहे."

मंजिरी, त्या एका वाक्यासाठी मी तुला अजून माफ केलेलं नाही. मी भंडाऱ्याची. ऐनाच्या झाडाखाली माझं लहानपण गेलं. त्या भेगाळ, करड्या सालीवर पाठ घासून आम्ही खाज मोडायचो. कोशाची अळी ऐनाचाच पाला खाऊन वाढते, हे मी चालायला लागले तेव्हापासून पाहते आहे. पाला पोटात गेला आणि साल कापडावर उतरली, हे मला दिसायला हवं होतं. दिसलं तुला. तू तर ऐन पाहिलास तो सुद्धा बागेत, पाटी लावलेला.

मग तुझं प्रदर्शन झालं. तीच साल चौकटीत बसली, पेपरात फोटो आला, लोकांनी तिला राजधानीचा रंग म्हटलं. तू सदर बाजारातून माझ्यासाठी मिठाई आणलीस आणि प्रदर्शनाच्या गर्दीत मला पुढे ओढून सांगितलंस, "ये हमारी सरला है, कपड़ा इसी के यहाँ से आता है." तुझ्या मनात काही नव्हतं, ते मला माहीत आहे. दीक्षा मात्र चौकटीसमोर उभी राहून मोठ्याने म्हणाली, "मम्मी, ये तो अपना पोछेवाला है ना?" मी तिला चिमटा काढला. घरी येईपर्यंत बसमध्ये मी एक शब्द बोलले नाही, मिठाई शेजारच्या पाऱ्यात घरोघरी वाटून टाकली.

पुढे तू स्वतः करून पाहिलंस आणि तुझ्या छतावर कापड स्वच्छ पिवळंच वाळलं, तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. तू लोखंडाचा भुगा शिंपडलास तर शाई सांडल्यासारखे डाग पडले. फोनवर मी 'अरेरे' म्हणाले आणि फोन ठेवून शेजारणीला चहाला बोलावलं. इतकी मी वाईट.

पण त्याच दिवसापासून मी छतावर जाऊन नुसती बसायला लागले. वारा उरल्याच्या कारखान्यांकडून आला की ठिपके दाट पडतात, दुसरीकडून आला की विरळ. कापडाला घडी राहिली तर तिथे पिवळी रेघ सुटते. कापणीनंतर धानाचं तणस आणून ओल्या कोशावर पसरलं, सकाळी उचललं, तर खाली कापलेल्या शेतासारखे बारीक, आडवेतिडवे धसकटांचे ठसे. बोट फिरवलं की टोचेल असं वाटतं. मी आरडाओरडा केला नाही. मारोतींना दाखवलं, ते म्हणाले, "हे तर आपल्या गावचं वावर हाय." आता पोतेरं म्हणाले नाहीत.

तेव्हा कापड मी पाठवत नाही. काल दीक्षाला घेऊन त्या कचेरीत गेले आणि वावराचा नमुना समितीकडे देऊन आले, माझ्या नावाने. तिथल्या साहेबांनी विचारलं, "मंजिरी मॅडम के यहाँ से आई हो?" मी नाही म्हणाले. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून ही चिठ्ठी. तू तुझं काम घेऊन जरूर ये, रंग दुसरा शोध, तुला सापडेल, तुझे डोळे मला माहीत आहेत. भिंत मला हवी आहे, खोटं कशाला बोलू. पण भिंतीपेक्षाही जास्त हवं आहे ते हे, की तू माझ्या कापडासमोर उभी राहावीस, बोट फिरवावंस, आणि घरी जाईपर्यंत तुझ्या तोंडून शब्द फुटू नये. इतकी वर्षं एकटीच जळत आले, आता जरा तूही जळ.

तुझीच, तरीही तुझीच,
सरला