पैऱ्यावरची लाल मोटार

आष्टा, १७ फेब्रुवारी १९७४

लेफ्टनंट लालासाहेब यांस त्यांचे दाजी हंबीरराव यांचा रामराम. इकडे तुमच्या भगिनी रंगूबाई, दोन्ही म्हशी आणि आडसाली ऊस खुशाल आहेत. तिकडे बर्फ पडतो असे कळले, तरी छाती जपावी. तुमचे लग्न वैशाखात आपल्याच दारात ठरले आहे आणि औंधची मंडळी समाधानी आहेत, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना धीर राहील.

विषय तुमच्या गाडीचा. चहाच्या मळ्यावरच्या गोऱ्या साहेबाकडून तुम्ही घेतलेली ती लाल, बिनटपाची, शर्यतीची मोटार दिवाळीपासून आमच्या गोठ्यात आहे. 'मारुतीच्या देवळापासून घरापर्यंत नवरीला शेजारी बसवून वरातीत ती मी स्वतः चालवणार, पेट्रोल कितीही महागो, काहीही करून गाडी चालू ठेवा,' असे तुम्ही लिहिलेत. 'काहीही करून' हे शब्द तुमचे आहेत. (तुमच्या भगिनींनी ते मला दोनदा वाचून दाखवले.) गाडी गोठ्यातून चावडीपर्यंत नेली तरी टाकी तळाला जायची. तेव्हा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा आकाराम म्हणाला, "दाजी, इंजिन काढून टाकूया. इजेवर चालवतो." मी हो म्हणालो. इंजिन घोंगडीत गुंडाळून कडब्याशेजारी सुखरूप ठेवले आहे. त्याच्या जागी सांगलीच्या एका गोदामातल्या मोडीत निघालेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या मालगाड्याची विजेची मोटर बसवली. बसली चांगली, बॉनेट तेवढे लागत नाही, म्हणून दोरीने बांधले आहे.

आता अडचण बॅटऱ्यांची. आठ लागतात, आणि त्या विकत आणण्यापेक्षा हत्ती पाळावा. मी गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना विचारले आणि लोकांनी तुमच्या लग्नासाठी म्हणून आनंदाने काढून दिल्या. मला गहिवरून आले. इथेच माझे चुकले. कारण आपल्याकडे बैल देणे म्हणजे पैरा: एक बैल तुझा, एक माझा, आज जोडी तुझ्या रानात, उद्या माझ्या. बॅटरी बैलापेक्षा वेगळी आहे असे मी बोललो नाही, आणि त्यांनीही तसे मानले नाही.

चाचणीच्या दिवशी सांगलीच्या रस्त्याला निघालो तर आठही मालक हजर. मी म्हणालो, गाडीत दोघेच बसतात. नाथाजी म्हणाला, "बॅटरी माजी हाय, ती जाईल तितं मी." सगळे बसले, म्हणजे दोघे आत आणि बाकीचे जिथे पत्रा दिसला तिथे. गाडी निघाली, पण आवाज अजिबात नाही, त्यामुळे रस्त्यातली जनावरे हलेनात. शेवटी आमचा सालगडी गुंडा हलगी वाजवत पुढे चालू लागला. (पुढे चालूनही तो दोनदा आमची वाट बघत थांबला.) पण दिवस उसाच्या तोडीचे. ज्याचे रान आले तो खाली उतरला, ट्रॅक्टर कारखान्याला धाडायचा म्हणून स्वतःची बॅटरी काढून खांद्यावर घेतली आणि रामराम करून बांधाने गेला. प्रत्येक रानाला गाडी आणखी सावकाश होत गेली. शेवटी मी, नाथाजी आणि नाथाजीची बॅटरी उरलो. परत बैल जुंपून आलो. ताशी शंभर मैलांची ती गाडी जू घालून उभी पाहिली तेव्हा मला वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी मंडळी बॅटऱ्या घेऊन पुन्हा आली आणि पाळ्या लावून गेली. गाडी आता घरोघर असते. नाथाजीने तीत सासूला दवाखान्यात नेले, दुसऱ्याने बी-बियाणे आणले. तुमची तारीख पाहून मी मोडता घालायचा प्रयत्न केला, पण पैरा मोडला तर पुढल्या पेरणीला आपल्या दारात कोणी बैल उभा करणार नाही. तुम्ही सैन्यातले, शिस्त जाणता.

तुमचा,
हंबीरराव

ता. क. : गाडीचे मालक तुम्ही, हे सर्वांना मान्य आहे. पण तुमची बॅटरी नसल्याने तुम्हाला पाळी नाही. तिकडून एखादी आणता आली तर पाहावी.

ता. क. २ : आत्ताच औंधहून तात्या, म्हणजे तुमचे होणारे सासरे, येऊन गेले. सोबत नवरीमुलगी विनोदिनी होती. (वडिलांचा ट्रॅक्टर तीच चालवते.) गाडीची हकिगत औंधला आधीच पोचली होती, म्हणून तिने त्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली होती, ती स्वतःच्या नावावर लावली आणि नाथाजीशी भांडून वैशाखातला तो दिवस मागून घेतला. म्हणजे वरातीची काळजी मिटली. ती तुम्हाला शेजारी बसवणार आहे. चढाला उतरून ढकलावे लागेल, तरी येताना बूट जाड आणावेत, असा तिचा निरोप आहे.