जिंकल्यात जमा

मी, व्हेंडेलिन हुडाक, वय बावन्न, राहणार पोप्राड, धंद्याने निवृत्त आइस हॉकीपटू, जागा बचावफळीतली, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. तेवढी हिंमत फक्त माझ्या बायकोत, ब्लाझेनात आहे, आणि तिच्या मते हा सगळा अभद्र चाळा आहे.

कारण नोंदवून ठेवतो. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. मी अगदी निश्चिंत होतो. काल सर्जन डॉक्टर बेन्यो आले, खांद्यावर थाप मारून म्हणाले, "हुडाक, काळजी सोडा. जिंकल्यात जमा आहोत आपण." डॉक्टर गेल्यावर मी पहिला फोन नोटरीबाईंना लावला. आमच्या धंद्यात शेवटची शिट्टी वाजेपर्यंत हे शब्द कोणी तोंडातून काढत नाही, आणि चषकाला हात तर नाहीच नाही.

कलम १. राहतं घर ब्लाझेनाला. माझे ओले मोजे वाळवून वाळवून तिने ते कमावलं आहे. भिंतीवर माझा फोटो लावायचा झाल्यास गोल मारतानाचा शोधत बसू नये. तसा निघालेला नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगी ओतिलिया हिला. तीही बचावातच खेळते. सांगून ऐकलं नाही. पोरी, जिंकणं हे आघाडीवाल्यांचं खातं. ते चकती जाळ्यात मारतात, हात वर करतात, फोटो निघतो. आपण हरू देत नाही, त्याचा फोटो निघत नाही. समालोचकाच्या तोंडी तुझं नाव आलं, तर समज काहीतरी चुकलं. तरीही समोरचा सुसाट येतो, तू उलटी सरकत त्याला गोडीगुलाबीने कोपऱ्यात नेऊन सोडतेस आणि तो आपलं काय गेलं ते शोधत राहतो, ते सुख मला वाटून देता येत नाही. तुझं तू मिळव.

कलम ३. सामना जिंकल्यावर "आम्ही जिंकलो" आणि हरल्यावर "ते हरले" असं सांगणाऱ्या आमच्या क्लबाध्यक्षांना माझी दातांची कवळी. भाषणाला उपयोगी पडेल.

कलम ४. डोंगरातलं लाकडी घर, चुलीसकट, माझा मेहुणा आणि एकेकाळचा संघसोबती द्राहोश माल्यार याला. याचं कारण लिहिणं भाग आहे. अंतिम सामन्यात आम्ही एका गोलने पुढे होतो, थोडाच वेळ उरला होता. गोल द्राहोशचाच, त्यामुळे त्याला बाकावर बसवेना. मैदानातून आत जायच्या वाटेत टेबलावर चषक मांडून ठेवला होता. हा गेला, त्यावरून हात फिरवून आला आणि म्हणाला, "थंडगार आहे रे. आपलाच झाला." अख्खा बाक त्याच्यापासून सरकून बसला. पुढच्याच झटापटीत चकती माझ्या नडगीला लागून आमच्याच जाळ्यात गेली, आणि जादा वेळेत आणखी एक. चषक दुसऱ्यांच्या बसमधून गेला. पेपरात नाव आलं ते माझ्या नडगीचं. तेव्हापासून नाताळच्या कोबीच्या सूपावर मी त्याच्याशी मीठ मागण्यापुरतं बोलतो. तरी घर त्यालाच, कारण छप्पर आम्ही दोघांनी घातलं आहे आणि ते कुठे गळतं हे आणखी कोणाला ठाऊक नाही. शिवाय चूल पेटवताना दर वेळी त्याला माझी आठवण यावी, हा उघड हेतू आहे.

पुरवणी, सहीच्या वेळी. दुसरे साक्षीदार यायचे होते, ते तापाने पडले. ब्लाझेनाने परस्पर भावाला बोलावलं. नोटरीबाई म्हणाल्या की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि त्यांनी कलम ४ त्याला वाचून दाखवलं. नडगीसकट.

द्राहोशने टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "खोडा ते."

मी म्हटलं, घर आहे, गड्या, सूप नाही. विचार कर.

"व्हेंडो, वेळेआधी एकदा हात लावला मी. पुरे झालं."

त्याने साक्षीदार म्हणून सही केली. मी हात पुढे केला. आता माझंच चुकलं म्हणायचं, कारण त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"हात सामना संपल्यावर मिळवतात," तो म्हणाला. "शुक्रवारी येतो. दवाखान्याच्या सूपात मीठ नसतं म्हणे."

सबब, कलम ४ रद्द. लाकडी घर तूर्त माझंच, आणि गळतंच आहे.

लिहून देणार: व्हेंडेलिन हुडाक (सही)

साक्षीदार:
१. ओंद्रेय ग्रेगा, शेजारी (सही)
२. द्राहोश माल्यार, मेहुणा, ज्याला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही (सही)

पोप्राड, मंगळवार, ११ मार्च २०२५